बेसबॉलची बाराखडी



भित्तिपत्रकाच्या या अंकात दर वेळेप्रमाणे मी कोडी देणार होतो. पण बाई म्हणाल्या, "या वेळी कोडी राहू देत. तू बेसबॉलवर लिही. जे शिकलास ते लिही आणि जे चुकलास तेही लिही." म्हणून हा लेख लिहीत आहे. लेख जरा लांबला आहे, चार ड्रॉइंग पेपर लागले. तरीही उभ्या उभ्या का होईना, शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. कारण येत्या शनिवारच्या पालकसभेत आपल्या शाळेत हा खेळ चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरणार आहे.

आधी चूक सांगतो. सहावीतल्या एका मुलीच्या ओठाला चेंडू लागला आणि तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तो चेंडू मी फेकला होता. सराव संपला होता. गुरुजी हापशावर पाणी प्यायला गेले होते. चामड्याचा खरा चेंडू पिशवीतून काढायचा नाही असे त्यांनी बजावले होते, तो मी काढला. चौथीच्या मुलांना लांब फेकून दाखवायचे होते ना! मी "घे!" असे ओरडलो आणि त्याच क्षणी चेंडू सोडला. ती तेव्हा मागे वळून आपल्या धाकट्या बहिणीशी बोलत होती. तिने मान फिरवली आणि चेंडू तोंडावर बसला.

तेव्हापासून तिचे मैदानावर येणे बंद झाले. आणखी सात मुलींचेही बंद झाले. लोक म्हणतात, "खेळच वाईट आहे." मला वाटते, खेळ वाईट नाही. खेळाची बाराखडी यायच्या आधीच मी जोडाक्षरे लिहायला गेलो, ते वाईट झाले. ती बाराखडी कोणती, हे आता क्रमाने सांगतो.

हा खेळ आहे तरी कसा?

बेसबॉल हा मूळचा अमेरिकेतला खेळ. न्यूयॉर्कमधल्या एका क्लबाने १८४५ साली त्याचे नियम लिहून काढले. आज जपान, क्युबा, कोरिया, तैवान अशा अनेक देशांत तो आपल्याकडच्या क्रिकेटसारखा लोकप्रिय आहे. आपल्या महाराष्ट्रातही शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल आणि त्याचा भाऊ सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा असतो आणि तो खांद्याखालून टाकतात. बेसबॉलचा चेंडू लहान असतो आणि तो खांद्यावरून फेकतात.

मैदानाचा मुख्य भाग म्हणजे एक चौरस. तो दिवाळीतल्या शंकरपाळ्यासारखा कोपऱ्यावर उभा आहे असे समजा. खालच्या कोपऱ्याला 'होम' म्हणतात. तिथे बॅटवाला उभा राहतो. उजव्या हाताच्या कोपऱ्यावर पहिला बेस, वरच्या कोपऱ्यावर दुसरा आणि डाव्या हाताला तिसरा. मधोमध उभा राहून चेंडू टाकतो तो 'पिचर', आणि बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू घेतो तो 'कॅचर'. दोन्ही संघांत नऊ नऊ खेळाडू.

चेंडू टोलवायचा, बॅट खाली टाकायची आणि पळत सुटायचे. पहिला, दुसरा, तिसरा असे करत पुन्हा होमला पोचलात की एक धाव झाली. मात्र क्रिकेटसारखा चेंडू मागे किंवा बाजूला मारून चालत नाही. होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे ज्या दोन रेषा जातात, त्यांच्या आतच तो पडला पाहिजे. बाहेर गेला तर 'फाउल'. उडालेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी झेलला तर बॅटवाला बाद. तो पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिथल्या खेळाडूने बेसवर पाय ठेवून चेंडू घेतला, तरी बाद. तीन गडी बाद झाले की डाव बदलतो.

माझे आबा म्हणाले, "क्रिकेट काय कमी होते, की हे नवीन खूळ आणले?" मी त्यांना सांगितले, "आबा, क्रिकेटमध्ये एकच पोरगा तासभर बॅट सोडत नाही आणि आम्ही चिंचेखाली चेंडू शोधत बसतो. यात नऊ जणांना ठरलेल्या क्रमाने बॅट मिळते. कच्चा असो की पक्का, त्याची पाळी येतेच." आबा म्हणाले, "मग बरं आहे."

मैदान आखताना भूमिती

मोठ्या माणसांच्या खेळात एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट आणि पिचरपासून होमपर्यंत ६० फूट ६ इंच अंतर असते. मुलांना इतके झेपत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावी १९३९ साली कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी लहान मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू केली. तिच्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बेसचे अंतर ६० फूट आणि पिचरचे अंतर ४६ फूट असते. आम्हीही ६० फुटांचेच मैदान आखले.

चौरस काढताना कोपरा काटकोनात कसा आणायचा? गुरुजींनी एक दोरी घेतली आणि तिला ९ फूट, १२ फूट आणि १५ फूट अशा अंतरांवर गाठी मारल्या. त्या दोरीचा ताणून त्रिकोण केला की ९ आणि १२ या बाजूंमधला कोन बरोबर काटकोन होतो. हे म्हणजे आपले सातवीचे पायथागोरसचे प्रमेय! मग फक्कीने रेषा मारल्या. शेवटी होमपासून दुसऱ्या बेसपर्यंतचा कर्ण मोजला. तो ८४ फूट १० इंचांच्या आसपास भरला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "झाला चौरस." गणिताच्या तासाला जे डोक्यावरून गेले होते ते मैदानावर पायाखाली आले.

बेससाठी आम्ही गोणपाटात भुसा भरून चपट्या उश्या शिवल्या. दगड किंवा विटा ठेवायच्या नाहीत, कारण पळताना पाय मुरगळतो.

पहिले अक्षर : चेंडू धरणे

खऱ्या बेसबॉलच्या पोटात बूच आणि रबर असते. त्यावर लोकरीचा धागा गुंडाळतात आणि वर पांढऱ्या चामड्याचे दोन तुकडे तांबड्या दोऱ्याने शिवतात. त्या शिवणीत दुहेरी टाके १०८ असतात, जपमाळेतल्या मण्यांइतके! वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडेसे कमी. पण हा चेंडू मऊ असेल असे कोणी समजू नये. तो लागतो. कसा लागतो ते आता सगळ्या गावाला ठाऊक आहे.

म्हणून नवशिक्यांनी या चेंडूने सुरुवात करायचीच नसते. आम्ही आधी चिंध्यांचा चेंडू घेतला, मग टेनिसचा. चामड्याचा चेंडू फक्त हातमोजा घातलेल्यांनी आणि गुरुजी समोर असतानाच वापरायचा.

चेंडूवर शिवण घोड्याच्या नालेसारखी वळलेली दिसते. तिच्यावर आडवी अशी पहिली दोन बोटे ठेवायची आणि अंगठा खाली. चेंडू तळहाताला चिकटवायचा नाही. तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये थोडी फट दिसली पाहिजे. अंडे धरल्यासारखा चेंडू धरावा. आवळून धरला की मनगट ताठ होते आणि चेंडू भलतीकडे जातो. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी वर तीन बोटे ठेवली तरी चालतात.

दुसरे अक्षर : फेकणे

तुम्ही म्हणाल, फेकायला काय शिकायचे? आपण तर रोज चिंचा पाडतो! मीही तेच म्हणालो होतो. गुरुजींनी मला दहा पावलांवरच्या भिंतीवर खडूने काढलेल्या वर्तुळात चेंडू मारायला सांगितले. दहापैकी दोन लागले. फक्त दोन. वर्गातली सगळी पोरे हसली.

मग गुरुजींनी माझी चूक दाखवली. मी समोर छाती करून उभा राहत होतो आणि नुसत्या हाताने फेकत होतो. खरी रीत अशी आहे:

एक, अंग आडवे करावे. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा निशाणाकडे असावा.

दोन, डावे पाऊल सरळ निशाणाच्या दिशेने टाकावे. पाऊल जिकडे, चेंडू तिकडे.

तीन, कोपर खांद्याच्या उंचीवर असावे. ते खाली लोंबले की चेंडू वर उडतो आणि कोपरही दुखते.

चार, आधी कंबर वळते, मग खांदा, मग हात, सगळ्यांत शेवटी मनगट. गोफण फिरवणाऱ्या माणसाकडे बघा. त्याचा जोर पायातून निघून कमरेतून हातात येतो.

पाच, चेंडू सुटल्यावर हात तिथेच थांबवू नये. तो पलीकडच्या गुडघ्यापर्यंत खाली येऊ द्यावा आणि मागचा पाय आपोआप पुढे यावा.

हे पाचही एकदम जमत नाही. म्हणून पहिले चार दिवस आम्ही एक गुडघा जमिनीवर टेकवून पाच पावलांवरून फेकत होतो. तसे बसले की पाय चुकायचा प्रश्नच नाही, फक्त खांदा आणि हात यांच्याकडे लक्ष राहते. मग उभे राहून सात पावले, मग दहा. ज्या अंतरावरून दहापैकी आठ बरोबर जातात, तिथूनच एक पाऊल मागे सरकायचे. आधी नेम, मग अंतर, आणि वेग सर्वांत शेवटी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे करायचे नाही. आता मी दहापैकी सात मारतो. म्हणजे अजून मागे सरकायची परवानगी नाही!

हाताची काळजी

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. मागच्या वर्षी मी एक दिवसभर दगडांनी चिंचा पाडल्या आणि दुसऱ्या दिवशी मला पाटीवर लिहिता येईना. आईने हळद लावली. पण असे का झाले ते मला गुरुजींनी सांगितले. आपल्या वयात हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात. तिथे मऊ कूर्चेचा थर असतो आणि हाड तिथूनच वाढते. एकाच हाताने जोरजोरात पुन्हा पुन्हा फेकले की कोपराच्या आणि खांद्याच्या त्या थरावर ताण येतो. म्हणून लिटल लीगमध्ये पिचरने दिवसाला किती चेंडू टाकायचे यावरच २००७ सालापासून बंधन आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला ५०, नऊ-दहाला ७५ आणि अकरा-बाराला ८५. त्यापुढे समोरच्या बॅटवाल्याची पाळी संपेपर्यंतच टाकता येते, मग सामना हातचा जात असला तरी थांबायचे. आणि बरेच चेंडू टाकले तर पुढचे काही दिवस विश्रांती.

आम्ही तर अजून पिचिंग करतच नाही. तरीही प्रत्येकाच्या फेकी मोजतो. जमिनीवर काडीने रेघा ओढतो. तीस झाल्या की बस. कोपर किंवा खांदा दुखला तर लगेच सांगायचे, सांगणाऱ्याला भित्रा म्हणायचे नाही. अति तेथे माती, हे हातालाही लागू आहे.

तिसरे अक्षर : झेलणे

झेलताना माणूस डोळे का मिटतो? भीतीने. आणि डोळे मिटले की चेंडू लागतो. लागला की भीती वाढते. हे चक्र मऊ चेंडूनेच तुटते. चिंध्यांचा चेंडू नाकावर बसला तरी हसू येते. असे पंधरा दिवस हसले की डोळे उघडे राहायला शिकतात.

नियम सोपा आहे. चेंडू कमरेच्या वर आला तर बोटे आकाशाकडे, कमरेच्या खाली आला तर बोटे जमिनीकडे. हात चेंडूवर आपटायचे नाहीत. चेंडू आला की हात किंचित अंगाकडे ओढून घ्यायचे, म्हणजे तो उसळत नाही. मोजा नेहमी न फेकणाऱ्या हातात घालतात. पण दुसरा हात लगेच चेंडूवर आला पाहिजे. एका हाताने टाळी वाजत नाही आणि नवशिक्याला झेलही मिळत नाही.

आणि सर्वांत मोठा नियम, जो मी मोडला. झेलणाऱ्याने दोन्ही हात छातीसमोर दाखवल्याशिवाय फेकणाऱ्याने चेंडू सोडायचा नाही. नाव घ्यायचे, नजरेला नजर मिळाली पाहिजे, हात दिसले पाहिजेत, मगच चेंडू. "घे" म्हणणे म्हणजे विचारणे नव्हे. समोरच्याचे हात वर येणे हे त्याचे उत्तर असते. उत्तर यायच्या आधीच मी फेकला.

चौथे अक्षर : जमिनीवरचा चेंडू

सरपटत येणारा चेंडू अडवणे सगळ्यांत अवघड, कारण आपल्या मैदानावर खडे आहेत. पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकवायचे, गुडघे वाकवायचे आणि बूड खाली न्यायचे. नुसती पाठ वाकवायची नाही. हात अंगाच्या पुढे, मोजा आधीच जमिनीला टेकलेला. बायका केरसुणीने धान्य सुपात घेतात, तेव्हा सूप जमिनीला टेकलेले असते की नाही? अधांतरी धरले तर दाणे खालून निसटतात. चेंडूही तसाच निसटतो. चेंडू मोज्यात आला की वरून दुसरा हात झाकणासारखा.

हे अक्षर शाळेत कोणाला सर्वांत चांगले येते ठाऊक आहे? ज्या मुलीला चेंडू लागला तिलाच. गुरुजी तिला पुढे उभी करून आम्हांला दाखवायचे, "हिचे गुडघे बघा, हिचा हात बघा." ती चेंडूच्या मागे पळत नाही, चेंडू जिथे येणार तिथे आधी पोचते. मी तिला विचारले, तुला कसे कळते? ती म्हणाली, "कोंबडीची पिल्लं धरतात ना, तसं. मागं धावलं तर सापडत नाहीत."

पाचवे अक्षर : टोलवणे

बेसबॉलची बॅट गोल असते. आम्हांला सुतारकाकांनी दोन बॅटी करून दिल्या. त्या लहान मुसळासारख्या दिसतात, मुठीकडे बारीक आणि पुढे जाड. बॅट आपल्याला जड आहे का ते पाहायची युक्ती अशी: ती एका हाताने समोर आडवी धरून दहा आकडे मोजावेत. हात थरथरला किंवा खाली आला तर बॅट जड आहे.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात खाली, उजवा त्याला चिकटून वर. वजन आधी मागच्या पायावर. मग पुढच्या पायाचे एक छोटे पाऊल, मग कंबर वळते आणि हात सगळ्यांत शेवटी येतात. म्हणजे फेकण्याचाच धडा पुन्हा! नजर मात्र चेंडूवरून हलवायची नाही. चेंडू कुठे गेला ते मान वर करून बघायची घाई केली की बॅट हवेतच फिरते.

उडत्या चेंडूने सुरुवात करत नाहीत. अमेरिकेतली लहान मुलेही चेंडू एका खांबावर ठेवून मारायला शिकतात. त्याला 'टी' म्हणतात. आम्ही पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात बांबू रोवला आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवला. झाली टी तयार! खर्च काही नाही. आपल्या शाळेत डोक्याला घालायचे हेल्मेट नाही, म्हणून आम्ही फेकलेला चेंडू बॅटने मारतच नाही. फक्त टीवरचा मारतो. हेल्मेट येईपर्यंत असेच.

बॅटवाल्याभोवती फक्कीने मोठे वर्तुळ काढतो. त्यात दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही. आणि मारल्यावर बॅट भिरकवायची नाही, खाली टाकायची. आमच्यातले क्रिकेटवाले अजून बॅट घेऊनच पळतात. सवय जात नाही!

सहावे अक्षर : पळणे

इथे आपली खो-खोची मुले-मुली वस्ताद आहेत. पण एक गोष्ट नवी आहे. पहिल्या बेसवर थांबायला वेग कमी करायचा नसतो. बेसला पाय लावून सरळ पुढे पळत जायचे. तसे करायची मुभा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर मात्र ती नाही. तिथे बेस सोडून पुढे गेलात आणि कोणी चेंडू लावला तर बाद. एकाहून जास्त बेस घ्यायचे असतील तर वळण थोडे रुंद घ्यायचे आणि बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय द्यायचा. बैलगाडी वळवताना आधी बाहेरून घेतात, तसेच.

शेवटचे अक्षर : आधी विचार

क्षेत्ररक्षण करताना चेंडू येण्याच्या आधी मनात ठरवायचे, "आता माझ्याकडे आला तर मी कुठे फेकणार?" चेंडू हातात आल्यावर विचार करायला वेळ नसतो. गुरुजी मध्येच खेळ थांबवून एकेकाला विचारतात, "तुझ्याकडे आला तर?" उत्तर आले नाही तर बाहेर नाही काढत, पुन्हा समजावून सांगतात.

हा शेवटचा धडा मला त्या दिवशी आला असता, तर बरे झाले असते.

मुलींनी खेळावे का?

पालकसभेत हा प्रश्न निघणार आहे, म्हणून दोन खऱ्या गोष्टी सांगतो. अमेरिकेतही लिटल लीगमध्ये पूर्वी मुलींना घेत नसत. १९७२ साली न्यू जर्सी राज्यातल्या होबोकेन गावी मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी मुलांच्या संघातून तीन सामने खेळली. तेव्हा लीगने तिच्या गावाचीच मान्यता काढून घेण्याची धमकी दिली. प्रकरण कायद्यापर्यंत गेले आणि १९७४ साली मुलींना दार उघडले. पण तोपर्यंत मारियाचे वय उलटून गेले होते. तिने दार उघडले, तिला मात्र आत जाता आले नाही.

दुसरी गोष्ट २०१४ सालची. फिलाडेल्फियाची मोने डेव्हिस ही तेरा वर्षांची मुलगी लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत पिचर होती. तिने एका पूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही धाव काढू दिली नाही. त्या स्पर्धेत असे करणारी ती पहिलीच मुलगी. तो दिवस होता १५ ऑगस्ट! आपण झेंडावंदन केले त्याच तारखेची ही गोष्ट.

आणि आपल्या देशातलेही सांगतो. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे खेड्यांतून आलेले, भाला फेकणारे. एका स्पर्धेतून त्यांची निवड झाली आणि २००८ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांना करारावर घेतले. त्या स्पर्धेपर्यंत त्यांना बेसबॉल माहीतही नव्हता. पण फेकण्याची बाराखडी भाल्याने पक्की केलेली होती.

आता काय बदलले

माझ्या चुकीनंतर गुरुजींनी नियम लिहून वर्गात लावले आहेत. चामड्याचा चेंडू कपाटात कुलपात आहे. सगळे फेकणारे एका रांगेत आणि झेलणारे समोरच्या रांगेत उभे राहतात, म्हणजे आडवा चेंडू कोणाला लागत नाही. शिट्टी झाली की चेंडू हातातच ठेवायचा. सराव संपला की चेंडू मोजून पिशवीत, आणि ती पिशवी गुरुजींच्या हातात. मला महिनाभर फक्त चेंडू मोजायचे काम आहे. ही शिक्षा मला मान्य आहे.

मी बाबांबरोबर त्या मुलीच्या घरी माफी मागायला गेलो होतो. काकू चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "दात तरी दिसतो. उद्या डोळ्याला लागलं असतं म्हणजे?" मला उत्तर देता आले नाही. कारण त्यांचे खरेच होते. बाबाही गप्प बसले. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "तू हात बघून फेकला असतास तर मी झेललाच असता."

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मी या चार कागदांवर लिहिले आहे. बोलताना जमले नसते. खेळात कधीच कोणाला लागणार नाही असे मी म्हणत नाही. ते खोटे होईल. पण मला जे शिकवले होते ते मी केले असते, तर त्या दिवशी लागले नसते, हे मी नक्की सांगतो. शिक्षा द्यायची तर मला द्यावी. ज्यांनी नियम पाळले त्यांचा खेळ बंद होऊ नये.

सभा अकरा वाजता आहे. पालकांनी दहा वाजता मैदानावर यावे. कडुनिंबाखाली सतरंजी टाकलेली असेल. चिंध्यांचा चेंडू हातात घेऊन बघा, वाटल्यास आमच्याबरोबर दोन झेल घ्या. आमचे हात वर आल्याशिवाय कोणी चेंडू सोडतो का, हेही स्वतः पाहा. मग जे ठरवायचे ते ठरवा.

लेखात काही चुकले असल्यास क्षमा असावी.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी